पिवळ्या लॉनवर युरिया टाकण्याआधी: नत्र आणि बुरशीचा हिशोब

तुळशीचं लग्न लागलं की विदर्भात लग्नतिथी सुरू होतात, आणि तालुक्याच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांत एकच धावपळ दिसते. लॉन जरा पिवळट आहे, आठ दिवसांवर कार्य आहे, आणा युरियाची बॅग. पाचव्या दिवशी लॉन गडद हिरवं होतं, मालक खूश. मग मांडववाला दोन दिवस मॅट अंथरतो, रात्रभर दवाचा ओलावा खाली कोंडून राहतो, आणि मॅट उचलली की तपकिरी, कुजकट वासाची ठिगळं. बोल मॅटवाल्याला लागतो. पण बुरशीचं पान त्याच्या आधीच वाढून ठेवलेलं असतं.

कार्यालयाचं लॉन, शाळेचं मैदान, ताडोब्याच्या वाटेवरचं रिसॉर्ट किंवा घरापुढचा एखादा आर, कुठलंही गवत पहिल्यांदा सांभाळायला घेतलं असेल तर एवढं पक्कं धरा: लॉनवरचे बुरशीचे रोग दोन घराण्यांचे आहेत. काही खादाडीचे, काही उपासाचे. नत्रानं (म्हणजे नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) एक घराणं बळावतं आणि दुसरं नरमतं. कोणतं घराणं दारात आलंय हे न पाहता युरिया टाकणं म्हणजे जुगार.

## नत्र जास्त झालं की पानात काय होतं

भंडारा-गोंदियाकडच्या धान उत्पादकाला हे वेगळं सांगावं लागत नाही. युरिया जास्त झालेल्या बांधीत करपा आधी चढतो, हे त्यानं पाहिलेलं असतं. धानावर पर्णकोष करपा आणणारी रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी लॉनवर तपकिरी ठिगळं पाडते. धानाच्या करप्याच्या कुळातली पिरिक्युलारिया रुंद पानाच्या लॉनवर राखी ठिपके आणते.

नत्र भरपूर मिळालं की गवत पेशी भराभर वाढवतं, पण पेशींच्या भिंती पातळ राहतात आणि पान पाणीदार होतं. मुळात आणि धाव्यात (जमिनीवर पसरणाऱ्या खोडात) साठवलेली साखर या वाढीवर खर्च होते, म्हणजे रोग आल्यावर सावरायला शिल्लक काही उरत नाही. गवत दाट होतं, त्यातून वारा फिरत नाही, पान वाळायला उशीर होतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. पहाटे पानाच्या टोकावर दिसणारा प्रत्येक थेंब दवाचा नसतो, काही थेंब गवत स्वतः आतून बाहेर टाकतं. नत्र जास्त असलेल्या गवताच्या या थेंबांत अमिनो आम्लं आणि साखर जास्त असते. बुरशीला आयती न्याहारी.

उलट, नत्र कमी असेल तर गवत नवी पानं काढत नाही. जुनी पानं बराच काळ तशीच राहतात, आणि तांबेऱ्यासारख्या सावकाश चालणाऱ्या बुरशीला आपलं चक्र पूर्ण करायला वेळ मिळतो. वाढतं गवत कापणीबरोबर रोगट टोक फेकून देतं. उपाशी गवत ते अंगावर बाळगतं.

## 1. आधी आपलं गवत कोणतं ते ठरवा

हरळी, म्हणजे दूर्वा. वावरात जिला आयुष्यभर उपटून काढलं, तीच इथे पैसे देऊन लावायची. नर्सरीत ‘बर्म्युडा’ किंवा ‘सिलेक्शन वन’ या नावानं मिळते ती हिचीच सुधारित बहीण. ही नत्राची भुकेली. कमी पडलं की लगेच उपासाचे रोग दाखवते.

‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ नावानं विकलं जाणारं मऊ गादीसारखं गवत झोयसिया जातीचं असतं. हे सावकाश वाढतं आणि याला हरळीच्या निम्मं नत्र पुरतं. हरळीचा हिशोब याला लावला की खाली काडीकचऱ्याचा जाड थर जमतो आणि थंडीच्या दोन्ही टोकांना मोठी ठिगळं पडतात. रुंद पानाचं, सावलीत लावतात ते गवतही कमी खातं, आणि राखी ठिपक्यांना तेच आधी बळी पडतं.

नर्सरीवाल्याच्या नावावर विसंबू नका. एकच गवत अमरावतीत एका नावानं आणि चंद्रपुरात दुसऱ्या नावानं विकलं जाऊ शकतं. पानाची रुंदी आणि वाढीचा वेग पाहा.

## 2. काय काय जमवायचं

साधनं: पाच किलोपर्यंत ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, 15 लिटरचा फवारणी पंप, मोजपट्टी, दीड इंची लोखंडी पाइपचा फूटभर तुकडा (मातीचे नमुने काढायला), पारदर्शक प्लास्टिक पिशव्या, पांढरा रुमाल, 20-25 फुटांचा दोर, आणि एक वही. वही टाळू नका. कोणत्या तारखेला किती ग्रॅम टाकलं हे लिहिलेलं नसेल तर पुढचं निदान अंदाजपंचे होतं.

कागद: माती परीक्षण अहवाल, पाणी परीक्षण अहवाल, खताचं पक्कं बिल. कृषी सेवा केंद्रात अनुदानाचा युरिया ई-पॉस मशीनवर मिळतो, त्यासाठी आधार कार्ड लागतं. तो युरिया शेतीसाठी असतो. कार्यालय किंवा रिसॉर्टसारख्या धंद्याच्या लॉनसाठी विनाअनुदानित विद्राव्य खत बिलावर घेणं सरळ. पुढचे आकडे नत्राच्या ग्रॅममध्येही दिलेत, म्हणजे खत कोणतंही असो, हिशोब जुळेल.

मातीचा नमुना शेतासारखा व्ही आकाराचा खड्डा करून घेऊ नका. पाइप 10 सेंटिमीटर ठोकून, वर-खाली, सावली-ऊन अशा आठ-दहा जागांची माती काढा. मुळं आणि काडीकचरा झटकून सगळी माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन फेका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. खत टाकल्यावर महिनाभर नमुना घेऊ नका. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र इथे तो देता येतो. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, पालाश (पोटॅश) आणि लोह हे पाच आकडे मागून घ्या.

## 3. सूर्य वर येण्याआधी लॉनवर जा

दुपारी बारा वाजता सगळेच रोग सारखे दिसतात: वाळकं गवत. बुरशी ओळखायची तर पहाटे, दव असताना.

खादाडीचे रोग. ठिगळ गोल, विताएवढं ते चार-पाच फुटांचं, आणि पहाटे कडेला गडद धुरकट कडं दिसत असेल, तर रायझोक्टोनिया. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या वर आणि पान सलग 10-12 तास ओलं, एवढं मिळालं की ती पसरते. आपल्याकडे म्हणजे जून अखेर ते सप्टेंबर. झोयसियावरची मोठी ठिगळं मात्र थोड्या थंड हवेत, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत वाढतात.

गवत काळपट, तेलकट, बोटाला बुळबुळीत लागतंय आणि डाग पाण्याच्या ओघळाच्या वाटेनं किंवा कापणी यंत्राच्या चाकाच्या रेषेत पुढे सरकलेत, तर पिथियम. हा घाईचा रोग. उष्ण दमट रात्रीत एका रात्रीत गुंठाभर जागा जाऊ शकते. काटेकोरपणे ही बुरशी नव्हेच, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा वेगळा जीव आहे. औषध निवडताना हा फरक महागात पडतो, ते पुढे येईलच.

उपासाचे रोग. रुपयाच्या नाण्यापासून बांगडीएवढे, पेंढ्याच्या रंगाचे ठिपके, आणि एकेक पान जवळून पाहिलं तर मधे फिकट, कडेला लालसर-तपकिरी, आकार डमरूसारखा. याला डॉलर स्पॉट म्हणतात. 15 ते 30 अंश आणि भरपूर दव, म्हणजे आपली दिवाळीनंतरची हवा. पांढरा रुमाल गवतावरून ओढला आणि नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा, गव्हावर येतो त्याच्याच गोत्राचा. झाडाखाली, भिंतीच्या सावलीत आधी दिसतो.

हरळीवर बारीक काळे-जांभळे ठिपके पडून लॉन विरळ होत जातं ते बायपोलॅरिस किंवा कर्व्ह्युलारियाचं काम. इथे नत्र आणि पालाश दोन्ही कमी पडलेले असू शकतात, शिवाय उन्हाचा ताण. या रोगावर एकदम युरिया ओतू नका, थोडं-थोडं द्या.

खात्री होत नसेल तर ठिगळाच्या कडेची (मधली नव्हे, मधली मेलेली असते) चार-सहा पानं ओल्या कागदासोबत प्लास्टिक पिशवीत घालून रात्रभर घरात ठेवा. सकाळी कापसासारखी जाळी दिसली तर बुरशी जिवंत आहे. लॉनवर पहाटे दिसणारं प्रत्येक पांढरं जाळं बुरशीचं नसतं हेही लक्षात असू द्या. कोळ्याचं जाळं गवताच्या माथ्यावर ताणलेलं असतं, बुरशीची जाळी पानापानांच्या मधे, खालपर्यंत गुंतलेली असते.

सोंगं. ठिगळ धरून ओढलं आणि गवत सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खाली हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर उधई (वाळवी). मधे जळकं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर ती कुत्र्याची कृपा: मधे नत्राचा अतिरेक, कडेला नेमका डोस. कार्यालयाच्या लॉनवर पंगतीमागचं गरम पाणी आणि यंत्रातून सांडलेलं पेट्रोल ही दोन कारणं आधी बाद करा.

सगळ्यात फसवं सोंग म्हणजे लोहाची कमतरता. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुधा 8 च्या आसपास, त्यात लोह असूनही गवताला घेता येत नाही. पावसाळ्यात पाणी साचलं की आणखी बिघडतं. नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोह. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र. एवढा एक फरक शिकलात तरी निम्मा युरिया वाचेल. संत्र्याच्या बागायतदाराची नजर यात तयार असते, शेजारी असेल तर बोलावून दाखवा.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) 5 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 आणि 15 ग्रॅम. सायंकाळी न फवारता सकाळी दव उडाल्यावर फवारा. दोन-तीन दिवसांत हिरवा रंग येतो आणि वाढीचा जोर न आल्यानं बुरशीला मेजवानी मिळत नाही. कार्याच्या आधी रंग हवा असेल तर हाच मार्ग. फक्त फरशीवर, कोटा दगडावर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

## 4. भूक आहे की नाही, गवतालाच विचारा

संशयित भागात एक मीटर बाय एक मीटरचे दोन चौकोन आखा. एकावर 1 टक्का युरियाचं पाणी फवारा: लिटरला 10 ग्रॅम, त्यातलं 150 मिलिलिटर पुरे. दुसरा तसाच ठेवा. 10 ते 14 दिवस थांबा. फवारलेला चौकोन सावरला, नवी पानं स्वच्छ आली, तर रोग उपासाचा. ठिगळ पसरलं किंवा काहीच फरक नाही, तर युरियाची बॅग परत खोलीत.

दुसरी युक्ती पुढच्या वेळी खत टाकताना: लॉनच्या एका कोपऱ्यावर प्लायवुडचा तुकडा ठेवून खत फेका, मग तुकडा उचला. पंधरवड्यानं तो चौकोन वेगळा दिसला नाही, तर लॉनला त्या खताची गरजच नव्हती.

## 5. न टाकलेलं नत्र मोजा

नवखे इथेच हमखास चुकतात. पिशवीतून किती टाकलं हे माहीत असतं, बाकी वाटांनी किती आलं याचा पत्ता नसतो.

पहिली वाट पाणी. विदर्भातल्या अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट पिण्याच्या पाण्याची मर्यादा, लिटरला 45 मिलिग्रॅम, ओलांडतं. पिण्यासाठी ते वाईट, पण गवतासाठी ते खत आहे. हिशोब असा: 1000 चौरस फुटांवर रोज 5 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 465 लिटर. पाण्यात नायट्रेट 90 मिलिग्रॅम असेल तर त्यातलं नत्र 20 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे रोज 9 ग्रॅमच्या वर, महिन्याला 280 ग्रॅम. हे 600 ग्रॅम युरियाच्या बरोबरीचं झालं. उन्हाळाभर असं पाणी देणाऱ्या लॉनवर वरून युरिया टाकला की दुप्पट डोस बसतो, आणि मालक म्हणतो, ‘मी तर अर्धा किलोच टाकला.’

दुसरी वाट शेणखत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र, म्हणजे 100 किलोत 500 ग्रॅम. ते सावकाश सुटतं, पण सुटतं. कच्चं शेण तर लॉनवर कधीच नको: हुमणी, तण आणि पावसाळ्यात छत्र्या. (पूर्व विदर्भात रानातल्या सात्या आवडीनं खातात, म्हणून सांगायला हवं: लॉनवर उगवलेली छत्री खाऊ नका.) निंबोळी पेंडीतही चार-पाच टक्के नत्र असतं, ‘सेंद्रिय आहे, कितीही चालेल’ हा समज सोडा.

तिसरी वाट कापलेलं गवत. ते लॉनवरच पडू दिलं तर वर्षाच्या गरजेतला चांगला हिस्सा परत मिळतो. निरोगी लॉनवर जरूर पडू द्या. ठिगळं असताना मात्र उचलून लांब टाका.

चौथी वाट मृगाचा पहिला पाऊस. उन्हाळाभर तापलेली कोरडी माती पहिल्यांदा भिजली की जिवाणू एकदम जागे होतात आणि मातीतल्या सेंद्रिय अंशातून नत्र मोकळं होतं. पहिल्या पावसानंतर लॉन आपोआप हिरवं का होतं, त्याचं हे एक कारण. त्यानंतर दोन-तीन आठवडे पिशवीला हात लावू नका.

## 6. मात्रा

मोजमाप 1000 चौरस फुटांवर. सातबाऱ्यावरचा एक आर 1076 चौरस फूट, म्हणजे जवळपास तेवढाच.

हरळीला वाढीच्या दिवसांत एका वेळी 230 ग्रॅम नत्र. ते मिळतं:

- युरिया (46 टक्के): 500 ग्रॅम
- गंधक लेपित युरिया, 40 किलोच्या बॅगेतला (37 टक्के): 625 ग्रॅम
- अमोनियम सल्फेट (20.5 टक्के): 1 किलो 125 ग्रॅम
- 19:19:19: 1 किलो 200 ग्रॅम

दोन मात्रांत किमान चार आठवडे. वर्षाला अशा चार ते सहा मात्रा पुरतात, मैदानावर रोज खेळ होत असेल तर एक-दोन जास्त. झोयसियाला याच्या निम्म्या.

आता 10,000 चौरस फुटांच्या कार्यालयाचा विचार करा. एका वेळची गरज 5 किलो युरिया. 45 किलोची अख्खी बॅग रिकामी केली तर एका दिवसात नऊ मात्रा झाल्या. ‘थोडा जास्त पडला’ म्हणतात तो असा.

काळ्या जमिनीत अमोनियम सल्फेट युरियापेक्षा बरं. गंधक मिळतं, मुळाजवळचा सामू किंचित उतरतो, आणि पृष्ठभागावर पडलेल्या युरियातून चुनखडी जमिनीत अमोनिया उडून जातो तो प्रकार कमी होतो. महाग पडतं हे खरं.

पालाशाचा फार गाजावाजा होतो. पालाश कमी असलेल्या लॉनवर पानावरचे ठिपके वाढतात हे बरोबर, पण आपल्या काळ्या मातीत पालाश बहुधा पुरेसा असतो. अहवालात कमी दाखवला तरच मात्रेसोबत 200 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्या. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात म्युरेट टाळा, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

नॅनो युरियाच्या बाटलीबद्दल: लेबलवरचा टक्का वाचा आणि गुणाकार करा. 4 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये नत्र 20 ग्रॅम. ‘बाटली म्हणजे बॅग’ हा हिशोब लॉनवर धरू नका.

## 7. टाकण्याची रीत

पान कोरडं हवं. दवावर युरिया फेकला की दाणा पानाला चिकटून तिथेच भाजतो, आणि ते भाजलेले ठिपके पाहून लोक बुरशीनाशक आणायला धावतात. दव उडाल्यावर, ऊन चढण्याआधी टाका.

अर्धा किलो युरियात पाच किलो कोरडी चाळलेली वाळू मिसळा. दोन सारखे भाग करा, एक भाग उत्तर-दक्षिण फिरत फेका, दुसरा पूर्व-पश्चिम. मुठीनं एकाच दिशेत फेकलं तर लॉनवर वाघासारखे पट्टे उमटतात.

फेकल्यावर लगेच 5 मिलिमीटर पाणी, म्हणजे 1000 चौरस फुटांना सुमारे 500 लिटर. ‘रात्री पाऊस येईल’ यावर सोडू नका. आला नाही तर अमोनिया उडतो, धो-धो आला तर खत नाल्यात.

पाण्याची वेळ हा आपल्याकडचा खरा पेच आहे, कारण शेतीच्या फीडरवर वीज कित्येकदा रात्रीच येते. रात्री नऊला पाणी सोडलं तर पान नऊ ते सकाळी आठ, अकरा तास ओलं. बुरशीला नेमकं एवढंच हवं असतं. पहाटे चारनंतर सोडलं तर पान तसंही दवानं ओलं असतं, ओलाव्याचे तास वाढत नाहीत. रात्रीची वीज असेल तर टाकं भरून ठेवा आणि पहाटे लहान मोटरनं द्या. दव फार पडत असेल त्या दिवसांत दोघांनी दोर धरून लॉनवरून ओढत न्यायचा. दहा मिनिटांचं काम, थेंब खाली पडतात आणि पान लवकर वाळतं. फुकटातलं बुरशीनाशक.

## 8. वर्षाची आखणी

फेब्रुवारी अखेर हरळी जागी होते, तेव्हा पहिली पूर्ण मात्रा. एप्रिल-मेमध्ये पारा 45 गाठतो, पाणी भरपूर असेल तरच अर्धी मात्रा, नाहीतर काहीच नाही. जूनचा पहिला पाऊस वर आलाच.

जुलै-ऑगस्ट सगळ्यात धोक्याचे. झडीच्या दिवसांत दाणेदार नत्र बंद. काळ्या मातीत पाणी साचलं की नत्र हवेत उडून जातं आणि लॉन पिवळं दिसतं, हात शिवशिवतात. तेव्हा चमच्यानं भरवा: 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम युरिया, एक पंप 1000 चौरस फुटांवर, फक्त उघडीप असताना, 15 दिवसांतून एकदा. यात नत्र 70 ग्रॅमच्या आतच. पऱ्हाटीवर 2 टक्के युरिया फवारतात म्हणून लॉनवरही 2 टक्के करू नका, 1 टक्का ही मर्यादा. पाण्याचा निचरा मात्र युरियापेक्षा आधी.

सप्टेंबर अखेर पाऊस सरला की पूर्ण मात्रा, ऑक्टोबर अखेर दुसरी. हीच वर्षातली कमाईची वेळ, लग्नाच्या हंगामाची तयारी इथे होते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुरुवातीला डमरूचे डाग किंवा तांबेरा दिसला तर हरळीला अर्धी मात्रा. झोयसियाला दिवाळीनंतर नत्र बंद. रात्र 10 अंशांच्या खाली गेली की हरळी झोपते. ती पिवळी दिसणारच, त्या रंगावर खत हा उपाय नाही.

कार्य ठरलं असेल तर शेवटची मात्रा किमान चार आठवडे आधी. शेवटचा आठवडा हिराकस. मांडववाल्याला आधीच सांगा: मॅट कार्याच्या सकाळी अंथरायची, रात्रीच उचलायची.

## 9. ठिगळ पडलंच तर

नत्र थांबवा (खादाडीचा रोग असेल तर), रात्रीचं पाणी थांबवा, कापणीची उंची थोडी वाढवा. ओलं गवत कापू नका. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, पातं धारदार हवं. बोथट पात्यानं फाटलेलं टोक बुरशीचं दार असतं. आधी निरोगी भाग कापा, ठिगळाचा शेवटी, मग यंत्र धुवा.

उपासाच्या रोगावर बहुधा औषध लागत नाही, अर्धी मात्रा आणि दोन कापण्यांत लॉन सावरतं. खादाडीच्या रोगावर कधीकधी लागतं. रायझोक्टोनियासाठी हेक्साकोनॅझोल 5 टक्के (2 मिलि प्रति लिटर) किंवा अॅझोक्सिस्ट्रोबिन 23 टक्के (1 मिलि). पिथियमवर कार्बेन्डाझिम कितीही फवारा, चालत नाही, तो जीवच वेगळा. तिथे मेटॅलॅक्झिल 8 + मॅन्कोझेब 64 टक्के (2.5 ग्रॅम). दुकानदार ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून देईल ते घेऊ नका. लेबलवर लॉनचं नाव सहसा सापडत नाही, म्हणून ठिगळाचा फोटो आणि पिशवीतली पानं घेऊन आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा. एकच औषध लागोपाठ दोनदा नको. हेक्साकोनॅझोलच्या कुळातली औषधं हरळीची वाढही रोखतात, सारखी मारली तर ठिगळ भरायला आणखी वेळ लागतो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते विसरून चालणार नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ. उपाशीपोटी फवारणी नको. फवारलेल्या लॉनवर मुलं, गुरं दोन-तीन दिवस येऊ देऊ नका, आणि शाळेच्या मैदानावर सुटी लागल्यावरच फवारा. त्या लॉनचं कापलेलं गवत जनावरांना घालू नका.

नवी पानं स्वच्छ दिसू लागली की ठिगळातलं मेलेलं गवत पंजानं खरवडून काढा. निरोगी भागातून हरळीचे दोन-तीन डोळ्यांचे धावे आणून चार-चार इंचांवर टोचा, वर चाळलेली माती अर्धा इंच. पहिले 15 दिवस नुसतं पाणी. धावे पकडले, ओढून निघत नाहीत, मग त्या ठिगळापुरती अर्धी मात्रा मोजून: एका चौरस मीटरला युरिया पावणेतीन ग्रॅम, चहाचा पाऊण चमचा.